आपण काय विसरतोय ते दाखवणारा कागद: माइंड मॅप

पावसाळा तोंडावर आला की मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. पेपरात बातमी येते आणि त्यात सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी अक्षरं असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायचीच. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे माणसं आत राहत असतानाच दुरुस्त करायची. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकाम किती मजबूत उरलंय याची तपासणी, करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ठाण्यातली आमची इमारत ऑडिटमध्ये सी-२बी ठरली. दोन विंग, चार मजले, २४ घरं. आत कुकरच्या शिट्ट्या चालू आणि बाहेर परांचीवर उभं राहून कोणीतरी तीच भिंत फोडतंय, असं ते प्रकरण.

तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलेलं, त्यामुळे कामाची यादी करणं हे मला स्वतःच्या सहीइतकं सवयीचं. फुलस्केपवर ४३ मुद्दे लिहून मी कमिटीच्या मीटिंगला गेलो. अकराव्या मुद्द्यावर भांडण पेटलं. मुद्दा होता बाहेरचा रंग. अजून कंत्राटदार ठरला नव्हता, पैसे जमले नव्हते आणि आम्ही क्रीम की राखाडी यावर तासभर घालवला. उरलेले ३२ मुद्दे घड्या घालून खिशात परत आले.

मीटिंग चेअरमनसाहेबांच्या घरी होती. त्यांची नात दहावीला. ती चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "आजोबा, तुम्ही आकृतिबंध का नाही काढत?"

मधोमध गोल आणि भोवती फांद्या

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'आकृतिबंध पूर्ण करा' असा प्रश्न असतो. मधल्या गोलात विषय असतो, त्यातून निघालेल्या रेघांच्या टोकाला रिकामे चौकोन असतात आणि उतारा वाचून ते भरायचे असतात. पालकांना हे काय खूळ आहे ते कळत नाही. आपल्या वेळी सरळ 'थोडक्यात उत्तरे लिहा' असायचं. पण ऑफिसांत, ट्रेनिंगमध्ये, मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये ज्याला माइंड मॅप म्हणतात तो या आकृतिबंधाचाच थोरला भाऊ.

माइंड मॅप म्हणजे एका कागदावर मधोमध मुख्य काम लिहायचं, त्यातून जाड फांद्या काढायच्या, प्रत्येक फांदीवर कामाचा एक मोठा भाग लिहायचा, मग त्या फांदीला उपफांद्या, त्यांना आणखी बारीक डहाळ्या. प्रत्येक रेघेवर एखाद-दोन शब्दच. वाक्य लिहायचं नाही. व्याख्या एवढीच.

हे नाव आणि ही पद्धत लोकांपर्यंत नेली टोनी बुझान या इंग्रज लेखकाने, १९७४ सालच्या बीबीसीवरच्या एका कार्यक्रमातून आणि नंतरच्या पुस्तकांतून. कागद आडवा धरा, रंग वापरा, फांद्या वळणदार काढा, एका फांदीवर एकच शब्द लिहा, असे त्याचे नियम होते. ज्ञान झाडासारखं मांडण्याची कल्पना मात्र त्याच्या फार आधीची. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाच्या नावाने असं एक झाड ओळखलं जातं. आणि आपल्याकडे कुळाची वंशावळ ज्याने पाहिली आहे त्याला ही मांडणी नवी नाही. मूळ पुरुष वरती न ठेवता मधोमध ठेवला आणि मुलं-नातवंडं चहूबाजूंनी पसरवली, की झाला माइंड मॅप.

यादीत काय वाईट होतं?

यादी वाईट नाही. किराण्याची यादी माइंड मॅपने करणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. पण यादीचा स्वभाव असा की ज्या क्रमाने आठवलं त्या क्रमाने ती लिहिली जाते, आणि एकदा लिहिली की तोच क्रम खरा वाटू लागतो. माझ्या यादीत रंग अकरावा होता, कारण लिहिताना मला खिडकीबाहेरची पोपडे आलेली भिंत दिसत होती. दुसरं कारण काहीच नव्हतं.

दुसरी अडचण डोक्याच्या क्षमतेची. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी, दोन इकडे दोन तिकडे, मनात धरून ठेवू शकतो. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. सात धरा की चार धरा, ४३ मुद्दे ऐकणाऱ्या कमिटी मेंबरच्या डोक्यात शेवटचे तीन-चार राहणार आणि तो त्यांच्यावरच बोलणार. मात्र तेच ४३ मुद्दे सहा फांद्यांखाली गेले, की डोक्याला आधी सहाच गोष्टी धरायच्या असतात. बाकीच्या त्या-त्या फांदीवर टांगलेल्या असतात आणि हव्या तेव्हा दिसतात.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचं सगळं खाली काढून हॉलमध्ये पसरतात, तसं हे आहे. माळ्यावर असताना काय काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. खाली पसरल्यावर कळतं की छत्र्या सहा आहेत आणि आकाशकंदिलाची वायर एकही नाही. माइंड मॅप हे पसरणं आहे. परत नीट लावून ठेवणं हे वेगळं काम, त्याच्याकडे नंतर येतो. पुष्कळ लोक पसरूनच थांबतात आणि मग घरभर पसारा होतो.

आमचा कागद

पुढच्या रविवारी चेअरमनसाहेबांच्या डायनिंग टेबलावर कार्डशीट अंथरलं. मधल्या गोलात मी 'बिल्डिंग दुरुस्ती' लिहिलं. त्या मुलीने त्याखाली स्वतःहून '३१ मेच्या आत' जोडलं आणि तिथेच अर्धं काम झालं. मुंबईत मान्सून पोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून. त्याआधी परांची उतरलेली आणि रंग वाळलेला हवा. मधल्या गोलात नुसता विषय लिहिला तर तो निबंधाचा विषय होतो. कधीपर्यंत आणि कशासाठी हे त्यात आलं की काम होतं.

सहा फांद्या निघाल्या: इमारत, पैसा, कागदपत्रं, कंत्राटदार, रहिवासी, पाऊस.

'इमारत' ही फांदी भराभर भरली, कारण ऑडिटचा रिपोर्ट समोर होता. रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा पृष्ठभाग किती टणक आहे ते बघितलेलं, अल्ट्रासॉनिक चाचणीने आतल्या भेगा-पोकळ्या बघितलेल्या, हाफ-सेल चाचणीने लोखंडी सळ्यांना गंज लागण्याची शक्यता. त्यातून कॉलम, बीम, छज्जे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचे डाऊनटेक पाइप (टाकीतलं पाणी खाली घराघरांत आणणारे), जिना, टाकी अशा डहाळ्या आल्या.

'पैसा' या फांदीवर खजिनदारांनी सिंकिंग फंड लिहिला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, सिंकिंग फंडात दरवर्षी घराच्या बांधकाम-खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती-देखभाल निधीत पाऊण टक्का जमा व्हायला हवा. आमच्याकडे किती वर्षं तो जमा झाला नव्हता ते इथे लिहीत नाही. पण त्या डहाळीच्या टोकाला मोकळी जागा राहिली आणि ती सगळ्यांना दिसली. मग कोणी तरी 'थकबाकी' लिहिलं, कोणी 'जादा वर्गणी – हप्ते?' लिहिलं. प्रश्नचिन्हासकट. हे मला महत्त्वाचं वाटतं. यादीत प्रश्नचिन्ह घालायला आपण कचरतो, कारण यादी म्हणजे ठरलेली गोष्ट असा भाव असतो. नकाशावर, म्हणजे माइंड मॅपवर, ते चालतं.

आणि मग 'रहिवासी'.

त्या फांदीवर आम्हा पाच पुरुषांनी मिळून एकच डहाळी काढली होती: 'नोटीस लावणे'. बाकीच्या पाच फांद्या भरगच्च आणि ही एक वाळक्या काटकीसारखी. चेअरमनसाहेबांच्या पत्नी भाजी निवडत शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढंच?" मग त्या बोलत गेल्या आणि नात लिहीत गेली. बाहेरच्या भिंतीवरची एसीची आउटडोअर युनिटं कोण काढणार, परत कोण बसवणार, गॅस भरायचा खर्च कोणाचा. डिश अँटेना. कबुतरजाळ्या. गॅलरीतल्या कुंड्या. डाऊनटेक पाइप बदलताना बाथरूम बंद राहणार, मग तिसऱ्या मजल्यावरच्या अर्धांगवायू झालेल्या काकांचं काय. ब्रेकर लावून भिंत फोडायचा आवाज आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या बारावी-दहावीच्या परीक्षा. बी विंगमधल्या वहिनींचा दमा आणि सिमेंटची धूळ. खाली उभ्या गाड्या. शिवाय परांची बांधली की चोराला प्रत्येक मजल्याच्या खिडकीपर्यंत जिना मिळतो, रात्रीचा वॉचमन एक पुरेल का? आणि खिडक्या बंद ठेवायच्या तर वाळत घातलेले कपडे जाणार कुठे?

वीस मिनिटांत ती फांदी कागदावर सगळ्यात जड झाली. माझ्या ४३ मुद्द्यांत यातला एकही नव्हता.

माइंड मॅपचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. आपल्याला काय माहीत आहे ते यादीही दाखवते. नकाशा दाखवतो की कुठली बाजू रिकामी आहे. यादीत राहून गेलेल्या गोष्टीची जागाच नसते, खाली पुढचा नंबर येतो आणि पोकळी बुजते. नकाशात एक फांदी उघडी राहते आणि कागद एका अंगाला कललेला दिसतो. नियोजनाच्या शास्त्रात याला जोडून एक नियम आहे. मोठं काम तुकड्यांत पाडलं की सगळे तुकडे मिळून शंभर टक्के काम झालं पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६० च्या दशकात शस्त्रास्त्रांच्या प्रकल्पांसाठी अशी कामाची विभागणी सक्तीची केली. आम्ही ते डायनिंग टेबलावर, मेथी निवडता निवडता केलं. फरक इतकाच की आम्हाला नियमाचं नाव माहीत नव्हतं.

हा कागद म्हणजे वेळापत्रक नव्हे

इथे आमची फजिती झाली. मांडणी इतकी देखणी झाली होती की सगळ्यांना वाटलं नियोजन झालं. फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, अंगठे आले. कंत्राटदाराशी करार केला, परांची चढली. डक्टच्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेच्या, बाजूचं प्लास्टर झालं, सुरेख झालं, आठवडाभर पाणी मारून झालं. आणि मग डाऊनटेक पाइपवाले आले आणि त्यांनी क्लॅम्प बसवायला तेच प्लास्टर ठिकठिकाणी फोडलं.

कंत्राटदार म्हणाला, तुम्ही पाइपचं काम वेगळ्या माणसाला दिलंत, मला तारीख कोणी सांगितली? खरंच कोणी सांगितली नव्हती. कागदावर 'प्लास्टर' आणि 'पाइप' या एकाच फांदीच्या शेजारशेजारच्या डहाळ्या होत्या. आधी कोण आणि नंतर कोण हे त्या चित्रात कुठेच नव्हतं. ते असूच शकत नव्हतं, कारण नकाशात सगळ्या डहाळ्या एकाच वेळी हजर असतात.

ठाण्याचा नकाशा हातात असला म्हणून टीएमटीची बस किती वाजता येईल ते कळत नाही, तसंच हे. 'काय काय' हा प्रश्न एका कागदाचा, 'कशाच्या आधी काय' हा दुसऱ्याचा. दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळी हत्यारं आहेत आणि तीही जुनी आहेत. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला: डावीकडे कामं, वर तारखा आणि मध्ये आडव्या पट्ट्या. कुठलं काम लांबलं तर सगळा प्रकल्पच लांबतो ते शोधायची रीत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीत तयार झाली. दुसऱ्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तसलीच रीत बेतली. घरातल्या भाषेत सांगायचं तर ती ओळखायची युक्ती पुरणपोळीत आहे. कणीक तासभर उशिरा भिजवली तर चालून जातं, पण डाळ शिजायला उशिरा लागली तर पुरण उशिरा, पोळी उशिरा, पंगत उशिरा. डाळ हा त्या स्वयंपाकाचा कळीचा रस्ता. आमच्या इमारतीत तो रस्ता पाइपमधून जात होता आणि आम्ही तो रंगात शोधत होतो.

डहाळीचं काम कसं करायचं

फुटलेलं प्लास्टर परत केल्यावर (पैसे अर्धे त्याचे, अर्धे आमचे) मी एक साधी रीत लावली. नकाशातली प्रत्येक शेवटची डहाळी एका वहीत उतरवायची. उतरवताना तिला तीन गोष्टी जोडायच्या: क्रियापद, माणूस, तारीख. आणि जमलं तर चौथी, 'कशाच्या नंतर'.

नकाशावर लिहिलं होतं 'पाइप'. वहीत झालं: 'बी विंगच्या मागच्या बाजूचे डाऊनटेक पाइप बदलून घेणे, ए-३०२, २० फेब्रुवारी, त्या बाजूच्या प्लास्टरच्या आधी.' नकाशावर 'परीक्षा' होतं. वहीत झालं: 'कंत्राटदाराकडून लेखी घेणे की परीक्षेच्या दिवसांत ब्रेकर सकाळी अकरापर्यंत बंद, सेक्रेटरी, परीक्षा सुरू होण्याआधी.' जी डहाळी अशी उतरत नाही ती अजून काम झालेली नाही. ती नुसती काळजी आहे. आमच्या कागदावर 'क्वालिटी' अशी एक डहाळी होती. तिला क्रियापदच मिळेना. शेवटी तिची दोन कामं झाली. पॉलिमर मॉर्टरच्या पिशव्यांवरच्या तारखा रोज बघून नोंदवणे, आणि दर शनिवारी ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला परांचीवर चढवणे. दुसरं काम इंजिनिअरला फारसं आवडलं नाही.

माणूस लिहिताना 'कमिटी' असं कधीही लिहू नका. कमिटीचं काम म्हणजे कोणाचंच नाही. आमच्याकडे फ्लॅट नंबर लिहायची पद्धत पडली आणि ती बरी पडली, नावापेक्षा नंबराला राग कमी येतो.

काम चालू असताना नकाशाचं काय करायचं?

दोन टोकं दिसतात. एक म्हणजे कागद कपाटात जातो आणि वास्तुशांतीच्या फोटोंबरोबर पिवळा पडतो. दुसरं म्हणजे प्रत्येक घडामोड त्याच्यावरच लिहीत बसतात आणि महिन्याभरात तो वाचता येत नाही. आम्ही मधलं काहीतरी केलं. कार्डशीट लॉबीत नोटीस बोर्डाशेजारी चिकटवलं. रोजचं काम वहीत. रविवारी सकाळी पाच मिनिटं उभ्याउभ्या कागदासमोर: झालेल्या डहाळीवर हिरवी रेघ, अडकलेल्या डहाळीवर लाल ठिपका. बाकी काही लिहायचं नाही. रंग शोभेसाठी नव्हते, दुधाच्या पिशव्या घ्यायला उतरलेल्या माणसाला दुरून कळावं म्हणून होते. 'पैसा' फांदीवर तीन लाल ठिपके दिसायला लागल्यावर दोन थकबाकीदारांनी न विचारता चेक आणून दिले. नावं आम्ही बोर्डावर कधी लिहिली नाहीत, आणि लिहूही नयेत.

याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. नवीन तक्रार आली की आधी विचारायचो, ही कुठल्या फांदीवरची? खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूने विचारलं की परांची बांधायला आमच्या खिडकीच्या ग्रिलचा आधार का घेतला. ते 'कंत्राटदार' की 'रहिवासी'? दोन्हीकडे. मग दोन फांद्यांमधून एक तुटक रेघ. अशा तुटक रेघा जिथे जास्त जमतात तिथे भांडणं होणार हे समजून चालावं. कोणाचं काम कुठे संपतं आणि कोणाचं कुठे सुरू होतं ते तिथे ठरलेलं नसतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात याच्याच जवळचा एक प्रकार आणला, संकल्पना नकाशा. त्यात प्रत्येक रेघेवर 'मुळे', 'साठी', 'चा भाग' असं नातं लिहायचं असतं. शिकवायला तो जास्त चांगला. सोसायटीच्या कामाला तुटक रेघ पुरते.

"हे मेंदूच्या उजव्या भागासाठी असतं म्हणे"

हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे. एक भारावलेले, एक वैतागलेले. बुझानच्या प्रचारात डावा मेंदू तर्काचा, उजवा मेंदू रंग-कल्पनेचा आणि माइंड मॅप दोघांना जोडतो, असा सूर होता. रॉजर स्पेरी यांना मेंदूच्या दोन भागांवरच्या कामासाठी १९८१ साली नोबेल मिळालं हे खरं. पण त्यावरून 'तू डाव्या मेंदूचा, मी उजव्या मेंदूचा' अशी जी लोकप्रिय वाटणी झाली ती मेंदूशास्त्राला मान्य नाही. साध्या कामालाही दोन्ही बाजू राबतात.

मग पुरावा काही आहे का? २००२ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एक उतारा वाचून काहींनी माइंड मॅप काढले, काहींनी नेहमीच्या पद्धतीने अभ्यास केला. आठवड्याने माइंड मॅपवाल्यांना थोडं जास्त आठवत होतं, पण त्यांना ती पद्धत वापरायचा उत्साह मात्र कमी होता. हे आठवण्याबद्दल झालं. इमारती वेळेत दुरुस्त होण्याबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही, आणि सांगतो असं कोणी म्हणालं तर ते विकणाऱ्याचं बोलणं समजावं. माझा विश्वास मेंदूच्या बाजूंवर नाही. पाच पुरुषांच्या कागदावर एक फांदी उघडी पडली आणि ती भाजी निवडणाऱ्या बाईला दिसली, यावर आहे.

"मला चित्रं काढता येत नाहीत"

मलाही येत नाहीत. माझा गोल बटाट्यासारखा येतो. वळणदार फांद्या, चित्रं, सात रंग हे सगळं ऐच्छिक. अक्षर वाचता आलं पाहिजे आणि कडेला जागा उरली पाहिजे, एवढंच. लहान कागद मात्र घेऊ नका. डायरीच्या पानावर काढलेला नकाशा तिसऱ्या उपफांदीला भिंतीला आपटतो आणि मग माणूस जागा नाही म्हणून विचार थांबवतो.

"ॲप कुठलं घेऊ?"

एकटे असाल आणि मांडणी सारखी बदलणार असेल तर ॲप बरं. फ्रीप्लेन फुकट आहे आणि कॉम्प्युटरवर चालतं. एक्समाइंड दिसायला गोड आहे. मिरोवर दुबईतला मुलगा आणि ठाण्यातले वडील एकाच वेळी लिहू शकतात. बहुतेकांत नकाशा यादीच्या रूपात बाहेर काढता येतो, म्हणजे वहीत उतरवायचे कष्ट वाचतात. पण पाच माणसं समोरासमोर बसलेली असतील तर कागदच घ्या. लॅपटॉप ज्याच्या मांडीवर असतो त्याचाच नकाशा होतो. पेन मात्र कोणीही उचलतं, आजीसुद्धा.

"मोठ्या कामांना हे चालतं का?"

चालतं, पण सुरुवातीलाच. मेट्रोचा खांब कधी उभा राहणार ते माइंड मॅपवर ठरत नाही, ठरू नये. शेकडो कामं आणि डझनभर कंत्राटदार आले की तारखा सांभाळणारं खरं सॉफ्टवेअर लागतं. अशा ठिकाणी नकाशा पहिल्या दोन बैठकांपुरता, किंवा एखाद्या अडलेल्या तुकड्यापुरता. उलट टोकालाही तो निरुपयोगी आहे. रात्री टाकीचा पाइप फुटला तर गोल काढत बसू नये, व्हॉल्व बंद करावा. पासपोर्टसारखं एकामागून एक पायऱ्या असलेलं काम असेल तर यादीच हवी. आणि दरवर्षी तसंच होणारं काम असेल, समजा सोसायटीचा गणपती, तर एकदा काढलेला नकाशा झेरॉक्स करून ठेवावा आणि दर वर्षी फक्त काय नवीन आहे ते बघावं.

एक कबुली राहिली. नकाशामुळे काम लवकर होतं असा समज करून घेऊ नका. १९७९ साली डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी मांडलं की माणसं स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सवयीने कमी धरतात, आधीचा अनुभव उलटा असला तरी. आम्ही तर सहावी फांदीच 'पाऊस' म्हणून काढली होती. तरी परांचीचे शेवटचे बांबू उतरले ते ७ जूनला, आणि त्या संध्याकाळी कोकणाच्या बाजूला वीज चमकत होती.

कार्डशीट अजून सोसायटीच्या कपाटात आहे, हिरव्या रेघांनी भरलेलं. एक डहाळी तेवढी मोकळी राहिली आहे, 'रहिवासी' फांदीवरची: कबुतरजाळी, बी-१०४. ते गृहस्थ अजून विचारतात आणि नवे सेक्रेटरी त्यांना कागद दाखवतात.